प्रवासी छायाचित्रण आणि परमुलखातील दैनंदिन जीवन : फेलिचे बेआतो यांची छायाचित्रे व गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

प्रवासवर्णन हा मराठी गद्यातील एक समृद्ध वाङ्मयप्रकार आहे. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०), गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९), पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०) व 'पूर्वरंग' (१९६३), त्यानंतर मीना प्रभूंची अनेक पुस्तके अशी ही परंपरा आहे. 'अपूर्वाई'ला शि. द. फडणीसांच्या रेखाचित्रांची जोड होती. पुढील काळातील प्रवासपुस्तकांत रेखाचित्राची जागा बव्हंशी छायाचित्राने घेतली. आता तर प्रवासी माणूस आधी छायाचित्र घेतो आणि लिहिलेच तर नंतर लिहितो. परदेशातील बाजार, रस्त्यावरचा न्हावी, शाळेत जाणारी मुले, दारात बसलेली वृद्धा अशी 'रोजच्या जगण्याची' छायाचित्रे हा प्रवासी छायाचित्रणाचा सर्वांत लोकप्रिय विषय ठरला आहे.

या छायाचित्रांविषयी एक समजूत सार्वत्रिक आहे. शब्दात लेखकाची मते मिसळतात, छायाचित्र मात्र जे आहे तेच दाखवते. म्हणून परक्या मुलखातील दैनंदिन जीवनाचे अधिक विश्वसनीय साधन छायाचित्र होय, असे मानले जाते. प्रवासवर्णन शिकवताना विद्यार्थ्यांकडूनही हा प्रश्न वारंवार येतो. मोबाईलमध्ये कॅमेरा असताना वर्णन कशासाठी लिहायचे? हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. त्याचे उत्तर सिद्धान्ताच्या पातळीवर देण्यापेक्षा एका ठोस उदाहरणातून शोधणे अधिक उपयुक्त होईल, अशी प्रस्तुत लेखामागील भूमिका आहे.

असे उदाहरण आपल्या परिसराशी निगडित आहे. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे इ. स. १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्याच बंडाची दृश्ये टिपण्यासाठी फेलिचे बेआतो हा युरोपीय छायाचित्रकार फेब्रुवारी १८५८ मध्ये कलकत्त्यास उतरला. एकाच्या हाती कॅमेरा होता, दुसऱ्याजवळ केवळ स्मरणशक्ती. दोघेही परमुलखात होते. लखनौ व कानपूर ही शहरे दोघांच्याही वाटेवर होती. या दोघांना शेजारी ठेवून पाहिले असता 'दैनंदिन जीवन टिपणे' म्हणजे नेमके काय, हे अधिक स्पष्ट होते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. प्रवासी छायाचित्रात दैनंदिन जीवन कोणत्या प्रक्रियेतून 'घडवले' जाते, हे पाहणे.
२. 'माझा प्रवास'मधील दैनंदिन तपशिलाचे स्वरूप व त्याच्या मर्यादा तपासणे.
३. या तुलनेच्या आधारे छायाचित्राच्या वाचनाविषयी काही निकष सुचवणे.

छायाचित्रणाची पार्श्वभूमी : मुंबई इलाखा

बेआतो येण्यापूर्वीच मुंबईत छायाचित्रण रुजू लागले होते. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे वर्ग सुरू झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे या सोसायटीशी संबंधित असलेले आरंभीचे भारतीय छायाचित्रकार. म्हणजे कॅमेरा केवळ परकीयांच्या हाती होता असे नाही. तथापि त्याचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे ठरविणारी दृष्टी बव्हंशी सत्ताधाऱ्यांची होती.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे विल्यम जॉन्सन यांचा मुंबईतील विविध जातिजमातींवरील ग्रंथ. १८६३ व १८६६ मध्ये त्याचे दोन खंड निघाले आणि दुसरा खंड महाराष्ट्राला वाहिलेला होता. त्यातील अनेक चित्रांत माणसांचे छायाचित्र एका ठिकाणी घेतले आहे आणि ते दुसऱ्याच स्थळाच्या पार्श्वभूमीवर चिकटवून एकसंध चित्र तयार केले आहे. पाहणाऱ्याला वाटते की ही माणसे आपल्या नेहमीच्या जागी उभी आहेत. प्रत्यक्षात ती त्या जागी उभी नव्हती. पुढे १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन व के यांनी 'पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा प्रकल्प सिद्ध केला. त्यातही व्यक्तीला जातीचा वा जमातीचा नमुना म्हणून मांडण्याची हीच रीत दिसते. ख्रिस्तोफर पिनी यांनी 'कॅमेरा इंडिका' (१९९७) या ग्रंथात या वर्गीकरणाच्या वृत्तीची विस्तृत चिकित्सा केली आहे.

बेआतो : सिकंदरबाग ते योकोहामा

बेआतो हा मुळात व्यावसायिक छायाचित्रकार. क्रिमियाच्या युद्धाची छायाचित्रे घेऊन तो नावारूपास आला होता. नोव्हेंबर १८५७ मध्ये लखनौच्या सिकंदरबागेत इंग्रजी फौजेने सुमारे २,००० बंडवाल्यांना ठार केले. बेआतो तेथे पोहोचला तो १८५८ च्या वसंतात, म्हणजे चारपाच महिन्यांनी. त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात भग्न इमारत, अंगणात विखुरलेली हाडे आणि मागे उभी असलेली काही हिंदी माणसे व एक घोडा दिसतो. जॉर्ज कॅम्पबेल या समकालीन ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत असे नमूद केले आहे की झाकून टाकलेले अवशेष छायाचित्रकाराच्या आग्रहावरून पुन्हा उघडे करण्यात आले. अभ्यासकांमध्ये या छायाचित्राच्या मांडणीविषयी बरीच चर्चा झालेली आहे. तपशिलाबाबत मतभेद असले, तरी चारपाच महिन्यांपूर्वीची घटना 'नुकतीच घडली' असे भासवणारी ही रचना आहे, हे नाकारता येत नाही.

या छायाचित्राच्या प्रचलित शीर्षकाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. त्यात मारणाऱ्या पलटणींची नावे व क्रमांक आहेत, मेलेल्यांची केवळ संख्या आहे, आणि मागे प्रत्यक्ष उभ्या असलेल्या जिवंत माणसांचा तर उल्लेखही नाही. ही माणसे कोण होती? ती त्याच भागात राहणारी होती की छायाचित्रकाराच्या सांगण्यावरून उभी केलेली होती? त्या दिवशी त्यांना काय दिसत होते, कशाचा वास येत होता? तत्कालीन तंत्रात काचेवर प्रतिमा उमटण्यास अनेक सेकंद लागत. हलणारे माणूस पुसट होई. म्हणून त्यांना निश्चल उभे राहावे लागले असणार. त्यांचे हे उभे राहणे हीच त्या छायाचित्रातील एकमेव 'चालू वर्तमानातील' गोष्ट आहे आणि तिच्याविषयीच छायाचित्र मौन पाळते.

१८६० मध्ये चीनमधील युद्धाची दृश्ये टिपून बेआतो १८६३ मध्ये जपानला गेला व योकोहामा येथे दीर्घकाळ राहिला. परदेशातील दैनंदिन जीवनाचे छायाचित्रण हा त्याचा खरा व्यवसाय तेथे झाला. १८६८ मध्ये त्याने जपानविषयक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात एका भागात स्थळदृश्ये, तर दुसऱ्या भागात भाजी विकणारा, गोंदलेल्या अंगाचा मोतद्दार, मल्ल अशी माणसे होती. ही छायाचित्रे जपानी रंगकर्मींकडून हाताने रंगवून घेतली जात. ती आजही मोहक वाटतात.

परंतु त्यांची निर्मितिप्रक्रिया ध्यानात घेतली की मोहकतेचे कारण कळते. परकीयांना त्या काळात करारबंदराभोवतीच्या ठरावीक टापूपलीकडे मुक्तपणे फिरण्यास मनाई होती. गिऱ्हाईक होते ते तेथे येणारे लष्करी अधिकारी, व्यापारी व प्रवासी. त्यांना मायदेशी नेण्यासाठी 'जपान' हवा होता. म्हणून फेरीवाल्याला चित्रशाळेत आणून त्याच्या टोपल्यांसह उभे करावयाचे, त्याची छबी घ्यावयाची, ती रंगवावयाची व तिच्याखाली व्यवसायाचे नाव लिहावयाचे, अशी पद्धत रूढ झाली. फेरीवाला खरा आहे, टोपली खरी आहे, पण फेरी मात्र नाही. दैनंदिन जीवनाचा आत्मा म्हणजे त्याची गती, त्याची पुनरावृत्ती आणि त्यामागची गरज. नेमक्या याच गोष्टी चित्रातून गळून पडल्या आहेत. एडवर्ड सैद यांनी 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) मध्ये पौर्वात्य जगाच्या स्थिर, कालातीत प्रतिमेविषयी जे विवेचन केले, त्याचा प्रत्यय येथे येतो. १८६८ हे वर्ष तर मेजी स्थित्यंतराचे. देश मुळापासून बदलत असताना त्याचे न बदलणारे रूप विक्रीस मांडले जात होते.

'माझा प्रवास' : शब्दातील दैनंदिन

विष्णुभट गोडसे यांच्या प्रवासाचे कारण अगदी घरगुती होते. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे भरपूर दक्षिणा मिळेल अशी वार्ता आली होती. काकांसोबत निघालेल्या या भिक्षुकाला महूजवळ शिपायांकडून बंडाची पूर्वसूचना मिळाली. पुढे उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, काशी असा प्रवास करून, मिळालेले बहुतेक द्रव्य लुटले गेल्यावर, गंगाजलाची कावड घेऊन ते वरसईस परतले. ही हकीकत त्यांनी भारताचार्य चिं. वि. वैद्य यांच्या आग्रहावरून १८८३ मध्ये लिहिली आणि वैद्यांनी ती लेखकाच्या निधनानंतर १९०७ मध्ये प्रसिद्ध केली.

उत्तर हिंदुस्थान हा गोडसे यांच्यासाठी परमुलूखच होता. त्या काळच्या मराठीत 'हिंदुस्थान' म्हणजे नर्मदेपलीकडचा प्रदेश. तेथील लोक भांग पितात, तेथील स्त्रिया मायावी असतात, अशा धास्तीमुळे घरची माणसे त्यांना पाठविण्यास नाखूश होती. म्हणजे परक्याविषयीचा साचा ही केवळ युरोपीयांची मक्तेदारी नव्हती. वरसईच्या ओटीवरही तो होताच. फरक इतकाच की गोडसे यांना त्या परमुलखात राहावे, जेवावे, लपावे व उपाशी मरण्याची वेळ टाळावी लागली. बेआतो विजयी सैन्याच्या पाठोपाठ गेला. गोडसे पराभूतांच्या शहरात अडकले.

झाशीच्या वेढ्याचे त्यांचे वर्णन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये शहर पडले तेव्हा ते आत होते. त्यांनी कत्तलीचे वर्णन केले आहेच, परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे लुटीचा क्रम सांगितला आहे. आधी सोने, नाणे व जवाहीर, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता, शेवटी धान्य अशी लूट टप्प्याटप्प्याने होत गेली. हा क्रम म्हणजे एका घराची उतरंड आहे. माणसाजवळून आधी संपत्ती जाते, मग स्वयंपाकघर जाते, मग अंगावरचे जाते आणि अखेर पोटातले जाते. कोणत्याही एका क्षणाचे छायाचित्र हा क्रम दाखवू शकत नाही, कारण क्रमाला काळ लागतो. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाबद्दलही त्यांनी हळहळ व्यक्त केली आहे. सिकंदरबागेच्या छायाचित्रातील हाडे आपल्याला मृत्यू दाखवतात, तर गोडसे यांचा मजकूर मृत्यूच्या आधीचे व नंतरचे जगणे दाखवतो.

दुसरा प्रसंग काल्पीजवळचा. झाशीहून निसटलेली राणी त्यांना पहाटे विहिरीवर भेटते. पठाणी पोशाख, अंगावर धूळ, हाती पाणी काढण्याची धडपड. गोडसे पाणी काढून देऊ लागतात तेव्हा ती त्यांना विद्वान ब्राह्मण म्हणून थांबवते, स्वतः पाणी काढते व पिते. विधवेला अर्धा शेर तांदूळ पुरेसा असतो, या अर्थाचे उद्गारही ते तिच्या तोंडी देतात. चोवीसपंचवीस वर्षांनी लिहिलेले हे संभाषण शब्दशः तसेच झाले असे मानण्याचे कारण नाही. तथापि दोर, मडके, तहान, तांदळाचे माप आणि वर्णव्यवस्थेने ठरवून दिलेली पायरी इतक्या साध्या गोष्टींतून एका राज्यकर्त्या स्त्रीची अवस्था उभी राहते. दैनंदिन कृतीला येथे अर्थ आहे, कारण ती कोणत्या परिस्थितीत घडली हे वाचकास ठाऊक आहे.

शब्दाच्या मर्यादा

यावरून शब्द श्रेष्ठ आणि छायाचित्र कनिष्ठ असा सोपा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. गोडसे यांच्या दृष्टीलाही चौकट आहे आणि ती कॅमेऱ्याच्या चौकटीइतकीच पक्की आहे. दक्षिणा, पंगती, यजमान, स्नानसंध्या, क्षेत्रमाहात्म्य या गोष्टी त्यांना बारकाईने दिसतात. वाटेत ओझे वाहणारे, शहरात झाडलोट करणारे, शेतात राबणारे लोक त्यांच्या हकिकतीत बव्हंशी प्रसंगापुरते येतात. त्यांच्या मजकुरातही नावे आहेत ती प्रामुख्याने सरदारांची, शास्त्र्यांची व आश्रयदात्यांची. झाशीच्या दरबाराविषयीच्या अनेक कथा ऐकीव आहेत आणि त्या सांगताना ऐकलेले व पाहिलेले यांतील सीमारेषा पुसट होते.

शिवाय मजकुरावरही 'रंगकाम' होते. वैद्यांनी १९०७ च्या आवृत्तीत भाषा बदलली, सरकारची भीती लक्षात घेऊन काही भाग सौम्य केला वा गाळला. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे गेले व दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ पाठ प्रसिद्ध केला, तेव्हा दोहोंतील अंतर सर्वांना कळले. जपानी रंगकर्मीने छायाचित्रावर चढवलेला रंग आणि संपादकाने हकिकतीवर चढवलेला प्रमाणभाषेचा मुलामा या दोन्ही क्रियांची जात एकच आहे. पण येथे एक महत्त्वाचा भेद राहतो. मूळ हस्तलिखित उपलब्ध असल्यामुळे संपादकाचा हात तपासता येतो. सिकंदरबागेतील त्या माणसांची हकीकत मात्र कोणी लिहून ठेवली नाही. त्यामुळे छायाचित्रकाराचा हात तपासण्याचे त्यांच्या बाजूचे साधनच उरलेले नाही.

म्हणून छायाचित्र खोटे बोलते हा खरा आक्षेप नव्हे. छायाचित्र सांगण्याची जबाबदारी दुसऱ्यावर टाकते. ते स्वतः नाव सांगत नाही, आधीनंतरचे सांगत नाही. ते काम शीर्षकाकडे जाते आणि शीर्षक लिहिण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्याकडे चित्रातील माणसाचे जीवन जाते. सुसान सोंटॅग यांनी 'ऑन फोटोग्राफी' (१९७७) मध्ये छायाचित्र घेण्याच्या क्रियेतील ताबा मिळवण्याच्या वृत्तीकडे लक्ष वेधले आहे. प्रस्तुत तुलनेवरून असे म्हणता येईल की तो ताबा कळ दाबताना सुरू होतो आणि शीर्षक लिहिताना पूर्ण होतो.

आपल्या परिसराच्या संदर्भात

हा विचार केवळ एकोणिसाव्या शतकापुरता नाही. पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे येथील गणेशमूर्तींचे कारखाने, रोहे तालुक्यात कुंडलिकेच्या काठी येणारे पर्यटक, दोन्ही तालुक्यांतील कातकरी व ठाकूर वाड्या हे आता प्रवासी छायाचित्रांचे विषय झाले आहेत. मूर्तीचे डोळे आखणारी कारागीर स्त्री, पाण्याचा हंडा नेणारी मुलगी, अशी चित्रे बाहेर जातात. त्यांत रंग असतात, प्रकाश असतो. त्या स्त्रीला दिवसाची मजुरी किती मिळते, हंगाम संपल्यावर ती काय करते, वाडीतील कुटुंब वर्षातील किती महिने वीटभट्टीवर असते, हे चित्रात नसते. शीर्षकात 'कारागीर' वा 'आदिवासी मुलगी' इतकेच असते. बेआतोच्या फेरीवाल्याहून ही अवस्था फारशी वेगळी नाही.

अधिक चिंतेची बाब अशी की आपले विद्यार्थीही प्रकल्पकार्यासाठी वाडीवर गेले म्हणजे हीच पद्धत अनुसरतात. मुखपृष्ठावर अनाम चेहरा, आत छायाचित्रांची चार पाने आणि त्याखाली एका शब्दाची ओळ. वाडी महाविद्यालयापासून फार दूर नसते, तरी छायाचित्रामुळे ती परदेश होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर क्षेत्रप्रकल्पाला वाढते महत्त्व आलेले असताना या बाबीकडे मार्गदर्शक प्राध्यापकांनी गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे. संमती, नाव प्रसिद्ध करण्याची परवानगी, स्थळ, दिवस, त्या क्षणी चालू असलेले काम आणि त्या व्यक्तीने स्वतः सांगितलेले एखादे वाक्य इतकी नोंद छायाचित्रासोबत असेल, तर विद्यार्थ्याच्या हाती बेआतोचा कॅमेरा आणि गोडसे भटजींची हकीकत ही दोन्ही साधने एकत्र येतील. नाव देण्यास नकार असेल तर तो नकारही नोंदवावा. नकार हीदेखील त्या व्यक्तीचीच नोंद असते.

निष्कर्ष

१. परमुलखातील दैनंदिन जीवनाचे छायाचित्र ही केवळ नोंद नसून तंत्र, बाजारपेठ, सत्ता व शीर्षक यांतून घडलेली रचना असते. बेआतोच्या लखनौ व जपान येथील छायाचित्रांवरून हे स्पष्ट होते.

२. दैनंदिन जीवनाचे मर्म क्रम, पुनरावृत्ती व गरज यांत असते. 'माझा प्रवास' ते पकडू शकतो, कारण लेखक त्या परिस्थितीत अडकलेला आहे आणि त्याच्या कथनाला काळाची लांबी आहे.

३. शाब्दिक कथनही निर्दोष नसते. गोडसे यांची वर्णबद्ध दृष्टी, दीर्घ कालांतर व संपादकीय हस्तक्षेप यांमुळे त्याचीही चिकित्सा आवश्यक ठरते.

४. दृश्य व शब्द यांपैकी एकाची निवड करण्यापेक्षा छायाचित्रातील व्यक्तीला स्वतःविषयी सांगण्याची जागा मिळते की नाही, हा मूल्यमापनाचा प्रमुख निकष मानावा.

विद्यार्थ्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. कॅमेरा हाती असताना वर्णन लिहायचे ते समोरचे माणूस केवळ दिसू नये, कळावेही म्हणून. वरसईच्या एका कर्जबाजारी भिक्षुकाने लिहून ठेवले नसते, तर झाशीच्या घराघरांतून शेवटी धान्यही उचलले गेले, हे आज आपल्याला इतक्या जवळून कळले नसते.